सायकलींची शर्यत पाहावयास जाताना



काल या व्यासपीठावरून आपण वेदान्त ऐकला, उद्या आपल्याला पाटबंधाऱ्यांविषयी ऐकावयाचे आहे, आणि मध्येच आज आम्ही आपल्यापुढे सायकली घेऊन उभे राहिलो आहोत. पत्रिका छापावयास टाकण्यापूर्वी चिटणीसांनी आम्हांला दोनदा विचारले, "मास्तर, विषय शर्यतीचाच ना?" आम्ही म्हटले, "शर्यतीचा नव्हे, शर्यत पाहावयास जाण्याचा." त्यावर ते काही बोलले नाहीत; परंतु आज खुर्च्या थोड्या कमी मांडल्या तरी चालतील, असा विचार त्यांच्या मनात येऊन गेला असावा. आता मागे उभे असलेल्या मंडळींनी त्याबद्दल त्यांना क्षमा करावी.

शर्यत कोणती ते आधी सांगतो. फ्रान्स देशात दरवर्षी उन्हाळ्यात 'तूर द फ्रान्स' नावाची सायकलशर्यत होते. तूर म्हणजे फेरी. प्रदक्षिणा म्हटले तरी चालेल. १९०३ साली 'लोतो' या क्रीडावृत्तपत्राने आपला खप वाढावा म्हणून ती काढली. त्या पहिल्या वर्षी टप्पे सहा, अंतर २,४२८ किलोमीटर, निघाले ६० आणि शेवटपर्यंत पोचले २१. दोन महायुद्धांच्या काळातील खंड सोडला तर ती तेव्हापासून चालू आहे. आम्ही गेलो त्या २०२३ साली २२ संघांचे १७६ स्वार निघाले होते. २१ टप्पे, मध्ये दोन विश्रांतीचे दिवस, आणि एकूण अंतर ३,४०० किलोमीटरांच्या थोडे वर. हे सगळे पगारी, धंदेवाईक स्वार. रोजच्या टप्प्याला लागलेल्या वेळेची बेरीज करीत जातात, आणि ज्याची बेरीज सर्वांत कमी त्याला पिवळा अंगरखा घालावयास मिळतो. पिवळाच का, तर त्या 'लोतो'चा कागद पिवळा होता! जाहिरात एकदा अंगावर चढली की वृत्तपत्र बंद पडल्यावरही उतरत नाही, ती अशी.

आता या शर्यतीला क्रीडांगण नाही, म्हणून तिकीटही नाही. रस्ता हेच क्रीडांगण. आपण रस्त्याच्या कडेला जाऊन उभे राहावयाचे आणि त्यांनी समोरून जावयाचे. आणि येथेच आमच्या घरी पहिला प्रश्न उपस्थित झाला. आम्ही बेत सांगितला तेव्हा आमच्या सौ.नी निवडत असलेली पालेभाजी बाजूला ठेवली आणि विचारले, "अहो, एवढे सात हजार किलोमीटर जायचे, आणि दिसणार किती वेळ?"

आम्ही गणिताचे शिक्षक होतो. खोटे बोलणे शक्य नव्हते. सपाट रस्त्यावर हा जथा ताशी ४५ किलोमीटरांच्या वेगाने जातो; दीडशे माणसे दाटीवाटीने चालली तरी जथ्याची लांबी ती कितीशी असणार? उत्तर सेकंदांत येत होते. आम्ही ते एक मिनिट असे सांगितले, म्हणजे आमच्या सोयीने थोडे वाढवूनच.

"एका मिनिटासाठी?" त्या म्हणाल्या, आणि पुन्हा भाजी निवडू लागल्या.

श्रोतेहो, आज आम्ही जे सांगणार आहोत ते सारे या प्रश्नाच्या भोवती आहे.

आम्ही तिघे निघणार होतो. एक आम्ही स्वतः, दुसरे बँकेतून निवृत्त झालेले आमचे स्नेही, आणि तिसरे मिस्त्री. मिस्त्रींचे स्टँडजवळचे सायकलदुरुस्तीचे दुकान आपल्यापैकी पुष्कळांना ठाऊक आहे. या सभागृहातील निम्म्या लोकांचे पंक्चर त्यांनी काढले असेल. तरुणपणी मुंबई-पुणे शर्यत पाहावयास ते बोरघाटात जाऊन उभे राहत. घाटाचा राजा कोण होतो हे पाहिल्यावाचून परतावयाचे नाही, असा त्यांचा नेम. त्यांना आता गुडघ्याचा त्रास आहे, आणि वय सत्तरीच्या पुढे. पाच वर्षे आम्ही तिघांनी भिशी लावून पैसे साठविले होते. खर्च लग्नाएवढा नव्हे, पण एका बेताच्या मुंजीएवढा खराच. तेव्हा "एका मिनिटासाठी?" हा प्रश्न मिस्त्रींच्या घरीही निघाला होता, आणि तेथे तो अधिक जोराने निघाला होता, कारण तेथे मुंज खरोखरच व्हावयाची होती.

अशा प्रवासाच्या तयारीत पहिली गोष्ट ही की, वाट पाहावी. शर्यतीचा मार्ग दरवर्षी बदलतो. २०२४ साली ती इटलीत फ्लॉरेन्सला सुरू झाली आणि पॅरिसमध्ये ऑलिंपिक असल्यामुळे नीसला संपली. म्हणून आमचा बेत कोणी जसाच्या तसा उतरवून घेऊ नये. पुढील वर्षाचा मार्ग आदल्या ऑक्टोबरात पॅरिसमध्ये जाहीर होतो. २०२३चा मार्ग २७ ऑक्टोबर २०२२ रोजी, म्हणजे आपल्याकडे भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी, जाहीर झाला. फराळाचे ताट समोर आणि नकाशा मांडीवर, असे आम्ही तिघे बसलो होतो.

नकाशावर बोट ठेवताना आमचे धोरण ठरलेले होते: डोंगर. सपाटीवर जे सेकंदांत निसटते ते चढावर मिनिटांवर येते. चढावर वेग निम्म्याहून खाली येतो, जथा फुटतो, एकेक माणूस सुटा होतो, आणि त्याचा चेहरा दिसतो. फ्रान्समध्ये असे डोंगर मुख्यतः दोन, आल्प्स आणि पिरेनीज. आल्प्समधील आल्प द्युएझचा २१ वळणांचा घाट फार प्रसिद्ध आहे. १९५२ साली फाउस्तो कोप्पी तेथे प्रथम जिंकला. पण तेथील गर्दीची वर्णने वाचून मिस्त्रींच्या गुडघ्याचा विचार आम्हांला करावा लागला. शिवाय मिस्त्रींनी आपले बोट आधीच पिरेनीजवर ठेवले होते, आणि ते काही केल्या काढीत नव्हते. ६ जुलै, सहावा टप्पा, तार्ब ते कोत्रे. वाटेत आस्पँचा घाट, मग तूर्मालेचा घाट, आणि दोहोंच्या मध्ये, घाटाच्या तळाशी, सेंत-मारी-द-काम्पाँ नावाचे एक लहानसे गाव. "मास्तर," ते म्हणाले, "तो लोहाराचा भाता इथलाच."

ही भात्याची गोष्ट सांगितल्यावाचून पुढे जाता येणार नाही.

तूर्मालेचा घाट २,११५ मीटर उंच आहे. १९१० साली तो प्रथम शर्यतीत घातला. त्या काळी तो रस्ता म्हणजे दगडांची पायवाटच म्हणावयाची. त्या वर्षी लापीझ नावाचा स्वार त्या डोंगरांतून जाताना इतका संतापला की, संयोजकांच्या माणसांना त्याने तोंडावर खुनी म्हटले. आणि मग शर्यत जिंकलीही त्यानेच. त्यानंतर तीन वर्षांनी, १९१३ साली, युजेन क्रिस्तोफ हा स्वार तूर्मालेवरून उतरत होता. पिवळा अंगरखा अजून निघाला नव्हता, पण हिशेबाने त्या घटकेला तोच पुढे होता. उतारावर त्याच्या सायकलीचा पुढचा चिमटा मोडला. नियम असा की, स्वाराने आपली दुरुस्ती आपणच करावयाची, कोणाची मदत घ्यावयाची नाही. त्याने सायकल खांद्यावर टाकली, दहा किलोमीटरांहून अधिक वाट चालत खाली उतरला, आणि सेंत-मारी-द-काम्पाँ या गावात लोहाराचे दुकान शोधून काढले. मागून येणारे सारे एकामागून एक पुढे निघून गेले. लोहाराला हात लावू न देता क्रिस्तोफने भट्टीवर आपला चिमटा स्वतः जोडला. शर्यतीचे पंच उभे राहून पाहत होते. काही तास त्यात गेले. एवढे करून तो निघाला, तेव्हा पंचांनी त्याला दंड केला! का, तर भट्टीचा भाता तेथल्या एका पोराने हलविला होता. दंड दहा मिनिटांचा. पुढे तो तीन मिनिटांवर आला, पण झाला तो झालाच.

मिस्त्रींना ही गोष्ट पन्नास वर्षांपासून ठाऊक आहे, आणि पन्नास वर्षांपासून त्यांची तक्रार एकच आहे. "मास्तर, एका हातात सांडशी, एका हातात हातोडा. भाता हलवायला तिसरा हात माणसाने आणायचा कुठून?" दुकानात बसलेल्या गिऱ्हाइकालाही ते हा प्रश्न विचारतात. या प्रश्नाला शर्यतीच्या संयोजकांपाशी उत्तर नव्हते, आमच्यापाशीही नाही.

तर मुक्काम ठरला पिरेनीज. आता राहावयाचे कोठे? येथे नवशिक्याची हमखास चूक होते. घाटाजवळच्या गावात खोली मिळेल या आशेवर तो राहतो. परंतु मार्ग जाहीर होताच तेथली हॉटेले संघ, पंच, वार्ताहर यांच्यासाठी भराभर अडवून ठेविली जातात. म्हणून मुक्कामाला मार्गावरचे गाव न घेता बाजूचे, मोठी सोय असलेले गाव घ्यावे. पिरेनीजच्या पायथ्याशी लूर्द हे ख्रिस्ती यात्रेचे ठिकाण आहे. १८५८ साली तेथल्या गुहेत बेर्नादेत नावाच्या मुलीला मेरीमातेचे दर्शन झाले अशी श्रद्धा आहे, आणि तेव्हापासून तेथे यात्रेकरूंचा अखंड ओघ आहे. वस्ती सुमारे चौदा हजारांची, पण उतरण्याची सोय एखाद्या मोठ्या शहराला लाजविणारी. पंढरपूर ज्यांनी पाहिले आहे त्यांना असे गाव समजावून सांगावे लागत नाही. खोल्या स्वस्त, निजानीज लवकर, आणि पॅरिसहून थेट आगगाडी सुमारे पाच तासांत आणून सोडते. तेथे आम्ही डिसेंबरातच तीन रात्रींची खोली राखून ठेविली.

व्हिसाचा भाग आम्ही लवकर आटोपतो, कारण तो आठवला की अजून घाम येतो. प्रवासाच्या सहा महिने आधीपासून अर्ज करता येतो; आम्ही तो मार्चमध्ये केला आणि तेच बरे झाले. परतीचे तिकीट, राहण्याची जागा, तीस हजार युरोंचा विमा, बँकेची खाती, सारे कागद होते. पण अर्ज घेणाऱ्या तरुणाने विचारले, "प्रवासाचा हेतू सायकलशर्यत पाहणे लिहिला आहे, तर शर्यतीचे तिकीट जोडा." आम्ही सांगितले, तिकीट नसते. तो म्हणाला, मग ठरल्याचा पुरावा? आम्ही सांगितले, आम्ही रस्त्यावर उभे राहणार आहोत. सात हजार किलोमीटर जाऊन तीन ज्येष्ठ नागरिक रस्त्यावर उभे राहणार, हे त्या बिचाऱ्याच्या रकान्यात कोठेच बसेना. शेवटी मार्गाचा छापील नकाशा जोडला, त्यावर मिस्त्रींनी तांबड्या शाईने फुली मारली, आणि ते कागद पुढे गेले.

२०२३ साली आषाढी एकादशी २९ जूनला होती. शर्यत १ जुलैला स्पेनमधील बिल्बाओ येथून निघाली. म्हणजे इकडे वारी पंढरीला पोचली आणि तिकडे यांची फेरी सुरू झाली. एकादशीचा उपास सोडून आम्ही निघालो. पॅरिसचे वर्णन आम्ही करीत नाही. ते पुष्कळांनी केले आहे आणि आम्ही तेथे फक्त झोपलो.

आता आमच्या चुकीकडे येतो. शाळेत आम्ही वीस वर्षे वेळापत्रक तयार केले. एकही तास रिकामा राहू द्यावयाचा नाही ही सवय हाडीमाशी खिळलेली. त्या सवयीने आम्ही या प्रवासाचेही वेळापत्रक केले होते. ५ जुलै: सकाळी पो शहरात टप्प्याची सुरुवात पाहावयाची, मग भाड्याच्या मोटारीने लारंस येथे जाऊन शेवट पाहावयाचा. ६ जुलै: तार्बला सुरुवात, सेंत-मारीला घाट, कोत्रेला शेवट. दोन दिवसांत पाच दर्शने! बँकवाले स्नेही आंतरराष्ट्रीय परवाना घेऊन मोटार चालविणार होते. कागदावर सारे सुंदर जमले होते.

पोची सुरुवात उत्तम झाली, हे कबूल केले पाहिजे. पॅरिस आणि बोर्दो यांच्या खालोखाल ही शर्यत ज्या गावी सर्वांत अधिक वेळा आली ते हे गाव. त्यामुळे तेथील लोकांना पाहुणचाराचा सराव आहे. ज्याला स्वारांचे चेहरे पाहावयाचे आहेत त्याने सुरुवातीच्या गावी जावे, ही आमची आपणांस पहिली खरी शिफारस. तेथे संघांच्या मोठ्या बसगाड्या ओळीने उभ्या असतात, स्वार सही करावयास मंचावर येतात, आणि त्या घटकेला ते घाईत नसतात. मिस्त्री मात्र स्वारांकडे पाहत नव्हते. ते बसच्या बाजूला सायकली पुसणाऱ्या मेकॅनिकांकडे पाहत होते. एक मेकॅनिक चेनला तेल देत होता; मिस्त्री त्याच्याकडे पाहून मान डोलावू लागले, त्याने यांच्याकडे पाहिले, यांचे हात पाहिले, आणि फडके बाजूला ठेवून चाक उचलून यांच्या हाती दिले. मिस्त्रींनी ते बोटावर फिरवून पाहिले आणि परत दिले. भाषा कोणालाच लागली नाही.

स्वार निघाले आणि आम्ही मोटारीकडे धावलो. शर्यत लांबच्या घाटांवरून वळसा घेऊन लारंसला येणार होती. आम्ही सरळ रस्त्याने अवघे चाळीस किलोमीटर जाणार होतो. गणिताने आम्ही दोन तास आधी पोचत होतो. परंतु गणितात रस्ता बंद असण्याची रकमच नव्हती. लारंसच्या बऱ्याच अलीकडे एका चौकात अडसर, आणि अडसरापाशी एक पोलीस. त्याने हसून, अगदी शांतपणे, मोटार बाजूला लावावयास सांगितली. आम्ही नकाशा दाखविला, घड्याळ दाखविले. त्याने आकाशाकडे हात केला. त्याचा अर्थ उडून जाता येत असेल तर जा, असा आम्ही लावला. शेवटी चौकातल्या एका लहान उपाहारगृहात बसून आम्ही ती शर्यत दूरदर्शन संचावर पाहिली. जाय हिंडली हा ऑस्ट्रेलियन एकटाच पुढे निसटला, लारंसला जिंकला, आणि त्याने पिवळा अंगरखा मिळविला. आमच्यापासून काही किलोमीटरांवर! असे तर ते आम्ही आमच्या दिवाणखान्यातूनही पाहिले असते, आणि सौ.नी चहा तरी दिला असता.

मिस्त्री म्हणाले, "मास्तर, पालखी बघायला माणूस लोणंदला उभा राहतो, की लोणंद, फलटण आणि नातेपुते एकाच दिवशी धरतो?"

त्या रात्री लूर्दमध्ये आम्ही वेळापत्रक फाडले. एका दिवसाला एक जागा. ती कोणती, यावरून मात्र वाद झाला. बँकवाल्यांचे म्हणणे, घाटाच्या वरच्या भागात जावे, तेथेच लढाई होणार. आणि हिशेबाने ते बरोबर होते. सेंत-मारी गाव घाटाच्या तळाशी आहे. तेथून माथा १७ किलोमीटर, सरासरी चढ शंभराला सात मीटरांहून थोडा अधिक. पण पहिले काही किलोमीटर सौम्य. म्हणजे आम्ही ज्या कारणासाठी डोंगर निवडला तेच कारण तेथे लंगडे पडत होते. मिस्त्री वाद घालीत नव्हते. ते गुडघ्याला तेल चोळीत बसले होते. अखेर आम्ही निर्णय दिला की, तिघेही सेंत-मारीलाच थांबावयाचे. बँकवाले स्नेही रात्री आमच्याशी बोलले नाहीत.

दुसऱ्या दिवशी पहाटे निघालो, गावाच्या अलीकडे मोटार ठेविली आणि उरलेले अंतर मिस्त्रींच्या चालीने चाललो. तसे चालल्यामुळे रस्त्याची दुतर्फा दुनिया पाहावयास सापडली. लोक आपापल्या घरगाड्या घेऊन आदल्या रात्रीपासून मुक्काम टाकून होते. घडीची टेबले, छत्र्या, पत्ते, पाव, चीज, नातवंडे, कुत्री. कोणी रस्त्यावर पांढऱ्या रंगाने आवडत्या स्वाराचे नाव लिहीत होते. एक वृद्ध जोडपे शेजारी होते. त्यांनी आम्हांला दोन खुर्च्या दिल्या, आम्ही त्यांना बाकरवडी दिली. आजीबाईंनी एक खाल्ली, डोळे पुसले, आणि डबा आपल्याकडे ओढून घेतला.

लोहाराचे दुकान गावातच आहे. म्हणजे आता तेथे दुकान नाही, इमारत आहे. भिंतीवर क्रिस्तोफच्या स्मरणाची पाटी आहे. जवळच त्याचा पुतळाही उभारला आहे. मिस्त्री पाटीपाशी गेले, वाचता येत नव्हते तरी पूर्ण वाचली. मग त्यांनी आम्हांला विचारले, "यात त्या पोराचं नाव आहे का?" आम्ही पाटीवर बोट फिरवून पाहिले, पोराचे नाव आम्हांला कोठे दिसले नाही. ते म्हणाले, "मग मी थोडा बसतो इथं." आणि भिंतीच्या सावलीला बसले.

क्रिस्तोफचे पुढे काय झाले, हे येथे सांगावयास हवे. १९१३ साली तो सातवा आला. महायुद्धानंतर १९१९ साली पिवळा अंगरखा निघाला, आणि तो पहिल्याने त्याच्याच अंगावर चढला. त्याही वर्षी, शर्यत संपत आलेली असताना, त्याचा चिमटा पुन्हा मोडला. पुन्हा दुरुस्ती, पुन्हा तासांचा तोटा. तो तिसरा आला. 'तूर द फ्रान्स' तो कधीही जिंकला नाही. आज स्वाराची सायकल मोडली तर मागच्या मोटारीतून दुसरी सायकल येते आणि काही सेकंदांत तो मार्गस्थ होतो. नियम माणसाळले, हे चांगलेच झाले.

दुपारी आधी जाहिरातींच्या मोटारींचा ताफा आला. १९३० सालापासून ही प्रथा आहे. शर्यतीच्या दोनएक तास आधी चित्रविचित्र आकारांच्या गाड्या येतात आणि लोकांवर टोप्या, किल्ल्यांच्या साखळ्या, मिठाई यांचा वर्षाव करतात. शहाणीसुरती, पेन्शन घेणारी माणसे एका कागदी टोपीसाठी गवतात लोळताना आम्ही पाहिली, आणि त्यांतले एक आमचे बँकवाले स्नेही होते. त्यांच्या हाती एक पुडी लागली; विजयी मुद्रेने त्यांनी ती फोडली, तर आत डुकराच्या मांसाच्या सुक्या कांड्या. पिढीजात माळकरी मनुष्य! ती पुडी आजीबाईंच्या कुत्र्याने संपविली. पण त्यानंतर ते आमच्याशी बोलू लागले.

मग शांतता झाली. हेलिकॉप्टरचा आवाज दरीत आला की समजावे, जवळ आले. येथे एक सूचना गंभीरपणे करावयाची आहे. लोक पुढे सरकतात. २०१६ साली माँ व्हाँतूच्या चढावर गर्दीमुळे मोटारसायकल अडली, पिवळ्या अंगरख्याचा ख्रिस फ्रूम तिच्यावर आदळला, आणि सायकल मोडल्यामुळे तो काही अंतर चक्क पायी पळाला. २०२१ साली एका बाईने कॅमेऱ्याकडे तोंड करून फलक धरला. एक स्वार त्यावर आपटला आणि मागचा सगळा जथा कोसळला. तेव्हा जो कोणी जाईल त्याने कडेच्या आत पाय ठेवू नये, आणि डोळा यंत्राला न लावता रस्त्याला लावावा.

दुपारचे तीन वाजून गेले होते. आस्पँच्या उतारावरून पहिला गट आला. वीसेक जण असतील. आले आणि गेले. मग मुख्य जथा. पिवळा अंगरखा हिंडलीचा, पांढरा ताडेय पोगाचारचा, आणि त्यांच्या पुढे योनास विंगेगॉरच्या संघाची माणसे अशी ओळीत वाकून निघालेली की, शंभर चाकांचा एकच सूर येत होता. वारा अंगावर आला. आम्ही सेकंद मोजले. किती ते सौ.ना अजून सांगितलेले नाही. वर, आमच्या दृष्टीच्या पलीकडे, विंगेगॉरने हल्ला केला, हिंडली मागे पडला, आणि पुढे कोत्रेच्या चढावर पोगाचारने विंगेगॉरला २४ सेकंदांनी मागे टाकून टप्पा जिंकला. अंगरखा मात्र विंगेगॉरकडे गेला आणि पॅरिसपर्यंत त्याच्याकडेच राहिला. हे सारे आम्हांला संध्याकाळी कळले.

लोक उठतील असे आम्हांला वाटले, पण कोणी उठेना. कारण अजून यावयाचे होते. एकेकटे, दोघे-तिघे, गुडघा फुटलेले, अंगरखा फाटलेले. आणि शेवटी एक मोठा घोळका आला. हे वेगाने पळणारे, जड बांध्याचे, सपाटीवरचे गडी. डोंगरात ते जिंकू शकत नाहीत. वेळेची मर्यादा ठरलेली असते, तिच्या आत न पोचणारा शर्यतीतून बाद होतो; म्हणून हे सारे, वेगवेगळ्या संघांचे असूनही, एकत्र चालतात, एकमेकांचा वारा अडवितात, आणि मिळून हिशेब ठेवतात. त्यांच्या मागून झाडूगाडी, थकलेल्यांना उचलून घेणारी. तीही १९१० सालापासूनची. पहिल्या माणसापासून या शेवटच्या गाडीपर्यंत पंधरा-वीस मिनिटे गेली असावीत, आणि तेथील लोकांनी शेवटच्या माणसाला पहिल्याइतक्याच टाळ्या वाजविल्या.

एक गोष्ट भगिनीवर्गासाठी. २०२२ सालापासून स्त्रियांची 'तूर द फ्रान्स' नव्याने सुरू झाली आहे. २०२३ साली, आम्ही परत आल्यावर तीनच आठवड्यांनी, २९ जुलैला त्या याच आस्पँवरून याच तूर्मालेवर चढल्या आणि नेदरलँड्सची डेमी फोलेरिंग तेथे जिंकली. हे वृत्त आम्ही घरी मोठ्या उत्साहाने वाचून दाखविले आणि लगेच पश्चात्ताप पावलो. तेव्हापासून भिशी पुन्हा चालू आहे, आणि या खेपेस तिचा हिशेब सौ. ठेवतात.

झाडूगाडी गेल्यावर पोलिसांनी रस्ता मोकळा केला. आम्ही मिस्त्रींना शोधू लागलो, तर ते आपल्या खुर्चीवर नव्हते. पाटीच्या भिंतीपाशी एक बारा-तेरा वर्षांचा मुलगा आपली सायकल उलटी करून बसला होता. चेन निसटून मागच्या दात्यांत अडकली होती. मिस्त्री जमिनीवर मांडी घालून, दुखरा गुडघा लांब करून, त्याच्यासमोर बसले होते. त्यांनी स्वतः हात लावला नाही. एका हाताने चाक उचलून धरले आणि दुसऱ्या हाताने खूण केली. मुलाने चेन दात्यावर बसविली. मिस्त्रींनी चाक फिरविले.